स्त्री-अभ्यासाचं संशोधन: विद्यापीठाच्या ग्रंथालयात शोध कसा घ्यावा आणि तो कुठे अडतो

ओपॅकच्या (ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीच्या) खिडकीत 'महिला' किंवा 'स्त्री' एवढंच टाकून शोधलं, तर समोर येतात ती सर्वसाधारण पुस्तकं: स्त्रियांचा दर्जा, सबलीकरण, कायद्याची ओळख, परीक्षेच्या नोट्स. संशोधनाला लागणारा ऐवज बहुतेक वेळा त्याच इमारतीत, पण दुसऱ्याच नावाखाली ठेवलेला असतो. स्त्री-अभ्यास हा विषय आपल्या विद्यापीठांत आला तो १९७० नंतर. एसएनडीटीतलं संशोधन केंद्र १९७४ सालचं, पुणे विद्यापीठातलं स्त्री-अभ्यास केंद्र १९८७ सालचं. ग्रंथालयांची वर्गीकरणं आणि सूचीतले विषयशब्द त्याच्या कितीतरी आधी ठरून गेले होते. त्यामुळे बायकांविषयीचा मजकूर कामगार, कायदा, वैद्यक, धर्म, शिक्षण अशा कप्प्यांत पांगलेला आहे, आणि पुष्कळदा नवऱ्याच्या किंवा सरकारी आयोगाच्या नावावर चढलेला आहे.

म्हणून इथे एकच विषय हातात धरून सगळा शोध दाखवला आहे: मुंबईच्या कापड गिरण्यांतल्या कामगार स्त्रिया, १९१९ ते १९३९. तुमचा विषय वेगळा असेल, पण वाटा याच.

आधी विषय कापून घ्या

'स्त्रिया आणि श्रम' हा संशोधनाचा विषय होत नाही, तो एका अख्ख्या कपाटाचा विषय आहे. ग्रंथालयात जाण्याआधी एका वाक्यात चार गोष्टी याव्यात: कोणत्या स्त्रिया, कुठल्या, कोणत्या काळातल्या, आणि त्यांच्याबद्दल नेमका प्रश्न काय. उदाहरणार्थ, '१९१९ ते १९३९ या काळात मुंबईच्या गिरण्यांतल्या स्त्रियांचं काम कोणत्या खात्यांपुरतं उरलं, आणि बाळंतपणाच्या कायद्याचा त्यावर काय परिणाम झाला?' प्रश्न पुढे बदलेल, बदलायलाच हवा. पण तो लिहिलेला नसला की पहिल्या आठवड्यात पन्नास पुस्तकं चाळून होतात आणि टिपणं शून्य.

मग एका कागदावर शब्द लिहून काढा. हा अर्धा तास वाचवू नका, पुढचं सगळं यावर चालतं. पहिला गट स्त्रीवाचक शब्दांचा: स्त्री, स्त्रिया, बाई, बायका, महिला, भगिनी, गृहिणी, विधवा, कामकरी स्त्री. कोणता शब्द कोणत्या काळात चालला हे महत्त्वाचं आहे. १९२५ च्या मासिकात 'महिला सबलीकरण' शोधून काही हाती लागणार नाही, 'स्त्रियांची उन्नति' लागेल. दुसरा गट कामाच्या शब्दांचा, आणि या विषयात खरी किल्ली तीच आहे. गिरणीत बायका मुख्यतः वाइंडिंग (सूत गुंडाळणं) आणि रीलिंग (सुताच्या लडी करणं) या खात्यांत होत्या. जुन्या इंग्रजी अहवालांच्या निर्देशसूचीत 'वीमेन' या शब्दाखाली चार पानं मिळतील, आणि 'वाइंडर्स', 'रीलर्स' खाली त्याच बायकांच्या मजुरीचे तक्ते. तिसरा गट कायद्यांचा आणि घटनांचा: १८९१ चा कारखाना कायदा, ज्याने स्त्रियांचा दिवस ११ तासांचा केला, १९२९ चा मुंबई प्रसूती लाभ कायदा, गिरण्यांतले संप. चौथा गट प्रशासनाच्या भाषेचा. 'रॅशनलायझेशन' (कामाची फेररचना) या गुळगुळीत शब्दाखाली बायकांच्या कपातीचा मजकूर दडलेला असतो. माहीत असल्याशिवाय तो शब्द कुणी शोधत नाही.

शेल्फवर कुठे उभं राहायचं

महाराष्ट्रातल्या बऱ्याच विद्यापीठ ग्रंथालयांत ड्यूई दशांश वर्गीकरण चालतं. त्यात स्त्रियांचा ठळक क्रमांक ३०५.४, त्यातला ३०५.४२ सामाजिक स्थान आणि स्त्रीवादाचा. पण आपल्या विषयासाठी ३३१.४ (कामगार स्त्रिया) हे पहिलं ठिकाण. त्यानंतर ३३८.४ च्या आसपासचा कापड उद्योग, ३४४.०१ चा कामगार कायदा, आणि ९५४.७९२ चा महाराष्ट्राचा इतिहास. विषय मुलींच्या शिक्षणाचा असेल तर ३७१.८२२, मराठी लेखिकांचा असेल तर ८९१.४६. क्रमांक पाठ करायची गरज नाही. वहीच्या आतल्या पानावर लिहून ठेवा.

आता एक गोष्ट, जिच्यामुळे जुनी पुस्तकं हमखास निसटतात. ड्यूईच्या जुन्या आवृत्त्यांत स्त्रियांचा क्रमांक ३९६ होता आणि स्त्रीशिक्षणाचा ३७६. मधल्या काळात स्त्रिया ३०१.४१२ वर गेल्या, आणि १९७९ च्या एकोणिसाव्या आवृत्तीपासून ३०५.४ वर आल्या. आवृत्ती बदलली म्हणून ग्रंथालय जुन्या हजारो पुस्तकांच्या पाठीवरची चिठ्ठी बदलत बसत नाही. म्हणजे १९५५ साली घेतलेलं पुस्तक अजून ३९६ वरच, लोकाचार आणि लोकसाहित्याच्या शेजारी, उभं असतं. ३९६, ३०१.४१२ आणि ३०५.४ या तिन्ही जागी प्रत्यक्ष जाऊन बघा. मुक्तद्वार (वाचकाला स्वतः शेल्फपर्यंत जाण्याची मुभा) नसेल, पुस्तकं बंद दालनात असतील, तर ओपॅकमध्ये वर्गांकाने शोध घेता येतो. '३९६' टाका आणि पूर्ण यादी खाली उतरवा.

काही ग्रंथालयांत रंगनाथनांचं द्विबिंदू वर्गीकरण आहे. तिथे समाजशास्त्राचं अक्षर 'वाय', आणि स्त्रिया 'वाय १५' वर. तत्त्व तेच.

शेल्फसमोर उभं राहिलात की एखादं नेमकं पुस्तक उचलून परतू नका. डावी-उजवीकडची दोन दोन फुटं बघा आणि प्रत्येक उपयोगी पुस्तकाची शेवटची पानं, म्हणजे संदर्भसूची आणि निर्देशसूची, आधी उघडा. त्या विषयावर काम झालेलं एक चांगलं पुस्तक तुम्हाला चाळीस साधनांची नावं देतं, तीही कुणीतरी आधी पारखलेली.

ओपॅक: स्पेलिंगचा घोळ आणि नावांचा त्याहून मोठा

मराठी पुस्तकांच्या नोंदी काही ठिकाणी देवनागरीत, काही ठिकाणी रोमनमध्ये, आणि एकाच ग्रंथालयात दोन्ही मिश्र असतात. 'सापडत नाही' याचा अर्थ बहुधा 'या लिपीत नाही' एवढाच असतो. दोन्हीकडे शोधा. देवनागरीतही टंकलेखनाच्या खोड्या आहेत. 'स्त्री' च्या जागी 'स्री' टंकलेल्या नोंदी सर्रास आढळतात; दिसायला जवळजवळ सारखं, संगणकाला वेगळं. 'ॲक्ट' मधला 'ॲ' दोन प्रकारे टंकता येतो आणि पडद्यावर फरक कळत नाही. मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगनेही एकदा शोधावं, हे इथे अगदी शहाणपणाचं आहे.

रोमनमधला घोळ निराळा. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या लिप्यंतर पद्धतीत मराठी अक्षरातला न उच्चारलेला 'अ' सुद्धा लिहितात. त्यामुळे 'बेडेकर' या आडनावाच्या शेवटी एक 'ए' जास्तीचा येतो, 'शिरूरकर' मध्ये मधे एक आणि शेवटी एक असे दोन येतात, आणि 'शिंदे' मधला 'श' हा 'एच' शिवाय, डोक्यावर खूण असलेल्या 'एस' ने लिहितात. आपण नेहमीच्या सवयीने 'एस-एच' टाकतो आणि ताराबाई शिंदे गायब होतात. उपाय सोपा: आडनावाची पहिली तीन-चार अक्षरं टाकून पुढे तारांकन (*) द्या. बहुतेक प्रणालींत ते 'पुढे काहीही चालेल' असं समजलं जातं.

बायकांच्या नावांची गोष्ट याहून अवघड. लग्नानंतर नाव बदलणं, टोपणनावाने लिहिणं, नुसतं 'सौ.' लावून नवऱ्याच्या नावाने छापणं, या तिन्हींमुळे एकच लेखिका सूचीत तीन ठिकाणी तुटते. बाळूताई खरे, मालतीबाई बेडेकर आणि विभावरी शिरूरकर ही एकच व्यक्ती; तिन्ही नावांनी शोध घेतल्याशिवाय तुमची यादी अपुरी. पंडिता रमाबाई बऱ्याच सूच्यांत 'रमाबाई सरस्वती' या नावाखाली असतात. नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंचा गाजलेला खटला कायदेअहवालात 'दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई' म्हणून आहे, म्हणजे वर्णक्रमात तो नवऱ्याच्या नावावर लागतो (इंडियन लॉ रिपोर्ट्स, मुंबई मालिका, खंड ९, पान ५२९, अपील खंड १०, पान ३०१). आणि त्यांची १८८५ सालची टाइम्स ऑफ इंडियातली पत्रं 'एक हिंदू स्त्री' अशा सहीने आहेत, नाव कुठेच नाही. प्रत्येक व्यक्तीसाठी एक कार्ड करा: माहेरचं नाव, सासरचं नाव, टोपणनाव, नवऱ्याचं नाव, रोमन स्पेलिंगचे प्रकार. शोध त्या कार्डावरून घ्या.

शब्द जोडताना 'अँड' ने निकाल कमी होतात, 'ऑर' ने वाढतात, अवतरणचिन्हांनी शब्दगट अखंड राहतो. कंसात 'ऑर' चे पर्याय आणि कंसाबाहेर 'अँड' हा साचा पक्का करा: (स्त्री ऑर महिला ऑर बायका) अँड गिरणी. एखादी नेमकी नोंद सापडली की तिच्या खालच्या विषयशीर्षकावर क्लिक करा. सूचीकाराने वापरलेला शब्द एकदा हाती आला की बाकीच्या नोंदी आपोआप समोर येतात. तुम्ही अंदाजाने टाकलेल्या दहा शब्दांपेक्षा हा एक शब्द जास्त काम करतो.

संदर्भ विभागातल्या दोन जाड सूच्या

ऑनलाइन शोधाच्या सवयीमुळे संदर्भ विभागाकडे कुणी वळत नाही, आणि मराठी साधनांवर काम करणाऱ्याचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' १८०० ते १९३७ पर्यंतच्या छापील मराठी पुस्तकांची विषयवार नोंद देते. पुढचा भाग १९५० पर्यंत येतो. तुमच्या ग्रंथालयात नसलेली पुस्तकंही त्यात आहेत. कोणती पुस्तकं अस्तित्वात होती हे आधी कळावं आणि कुठे मिळतील हे नंतर शोधावं, हा क्रम उलटा केला की आपल्या ग्रंथालयात आहे तेवढंच जग वाटू लागतं. दाते, काळे आणि बर्वे यांची 'मराठी नियतकालिकांची सूची' हे दुसरं साधन. स्त्रियांची, स्त्रियांसाठीची आणि कामगारांची नियतकालिकं तीमधून वेगळी काढून घ्या.

ब्रिटिश काळातल्या पुस्तकांसाठी आणखी एक साधन आहे. १८६७ च्या मुद्रण आणि पुस्तक नोंदणी कायद्यानुसार प्रत्येक इलाख्यात छापलेल्या पुस्तकांची त्रैमासिक सूची निघत असे. तीत छापखाना, पानं, प्रतींची संख्या, किंमत अशी माहिती असते. एखादं स्त्री-उपदेशपर पुस्तक किती प्रतींचं निघालं हे कळलं, की त्याच्या प्रभावाबद्दल आपण मोकळं विधान करायला कचरतो. चांगलंच आहे ते.

नियतकालिकं: इथे वेळ घालवा

मराठी स्त्री-प्रश्नाचा खरा वाद पुस्तकांत कमी आणि नियतकालिकांत जास्त झाला. ज्ञानोदय १८४२ पासूनचं. त्यात १८५५ साली मुक्ता या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध आला. दीनबंधु १८७७ चं, केसरी १८८१ चं, सुधारक १८८८ चं. र. धों. कर्व्यांचं समाजस्वास्थ्य १९२७ ते १९५३ चाललं. किर्लोस्करांचं 'स्त्री' मासिक १९३० साली सुरू झालं. पुढच्या काळासाठी बायजा (१९७७) आणि मिळून साऱ्याजणी (१९८९). आपल्या गिरणी-विषयाला कामगार चळवळीची पत्रं अधिक जवळची, पण 'स्त्री' चे १९३० नंतरचे अंक सोडू नका. मध्यमवर्गीय वाचक गिरणीतल्या बाईकडे कसं बघत होता, किंवा बघतच नव्हता, हे तिथेच कळतं. मौन हेही टिपून ठेवण्यासारखं साधन आहे, फक्त कोणते अंक पाहून ते विधान केलं याची नोंद हवी.

मागणीची चिठ्ठी भरताना नियतकालिकाचं नाव, वर्ष, अंक किंवा महिना, आणि ओपॅकमध्ये दिसत असेल तर दाखल क्रमांक (खंड ग्रंथालयात दाखल होताना दिलेला) लिहा. 'स्त्री मासिक, जुने अंक' अशी चिठ्ठी दिली तर शिपाई हाताला लागेल तो खंड आणतो, यात त्याचा दोष नाही. एका वेळी किती खंड मिळतात ते काउंटरवर विचारून घ्या आणि मागणी कार्यालय उघडताच द्या. बंद दालनातून खंड यायला वेळ लागतो आणि दुपारच्या सुट्टीत सगळं थांबतं.

बांधीव खंडात एक अडचण ठरलेली. बांधणी करताना कव्हरं आणि जाहिरातींची पानं काढून टाकण्याची पद्धत होती. अनुक्रमणिका, वर्गणीदारांच्या सूचना, 'पुढील अंकी' ची घोषणा आणि संपादकाचा पत्ता बहुतेक त्या कव्हरांवरच असे. त्यामुळे लेख आहे पण महिना कळत नाही, अशी परिस्थिती येते. अशा वेळी पानांचे क्रमांक वर्षभर सलग आहेत का ते बघा. असले तर आधीच्या-नंतरच्या मजकुरातल्या सणांवरून, बातम्यांवरून महिना काढता येतो. स्त्रियांच्या वस्तूंच्या जाहिराती हाच तुमचा विषय असेल, तर सुटे, न बांधलेले अंक असलेलं दुसरं ग्रंथालय शोधावं लागेल. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना १८९८) जुन्या नियतकालिकांसाठी पहिल्यांदा आठवावं असं ठिकाण.

जुन्या अंकांवर आणि पुस्तकांवर कधी नुसतं शक असतं. इसवी सनासाठी शकात ७८ मिळवा. पण शकवर्ष चैत्रात सुरू होतं, म्हणून जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या मजकुराला ७९ मिळवावे लागतात. शके १८०४ म्हणजे सर्वसाधारणपणे १८८२. एका वर्षाची चूक किरकोळ वाटते, पण १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याआधीचा लेख आणि नंतरचा लेख यांत तेवढंच अंतर असू शकतं.

नियतकालिक मिळतच नसेल तर मुंबई इलाख्याचे देशी वृत्तपत्रांवरचे सरकारी अहवाल बघा. सरकारी अनुवादक मराठी, गुजराती पत्रांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा तयार करत. नष्ट झालेल्या पत्रांचा आवाज कधी कधी एवढाच उरलेला असतो. मात्र निवड सरकारी डोळ्याने झालेली: ज्यात सरकारला रस, तेवढंच उतरलेलं. हा गोषवारा मूळ लेख म्हणून उद्धृत करू नये.

सरकारी अहवाल आणि त्यांतली बाई

आपल्या विषयाचा कणा इथे आहे. मुंबईच्या लेबर ऑफिसचं लेबर गॅझेट १९२१ पासून निघालं: मजुरी, संप, राहणीमानाचा खर्च. भारतातल्या कामगारांवरच्या रॉयल कमिशनचा अहवाल १९३१ चा. पण नुसता अहवाल वाचून थांबू नका, साक्षींचे खंड मागवा. अहवालात एका ओळीत आलेलं विधान साक्षींत तीन पानांचं असतं, आणि कोण बोललं, मालक की युनियन की डॉक्टर, हे तिथेच कळतं. मुंबई इलाख्याचा पुरावा पहिल्या खंडात आहे. प्रसूती लाभ विधेयकावरची चर्चा मुंबई कायदेमंडळाच्या वृत्तान्तात सापडते. डॉ. आंबेडकरांचं २८ जुलै १९२८ चं भाषण त्यांच्या समग्र इंग्रजी लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात आहे, म्हणजे ते ३०५.४ च्या कपाटात शोधणाऱ्याला कधीच दिसणार नाही.

आकडे वापरताना आधी व्याख्या वाचा, मग तक्ता. १९३१ च्या जनगणनेतल्या मुंबई इलाख्यात सिंधही आहे, कारण सिंध १९३६ साली वेगळा झाला. फक्त शहराचे आकडे हवे असतील तर इलाख्यातल्या शहरांचा खंड स्वतंत्र मागा. स्वातंत्र्यानंतरच्या काळात स्त्रियांचं काम मोजण्याची पद्धत दर काही वर्षांनी बदलली. १९९१ च्या जनगणनेत कामाविषयीच्या प्रश्नात 'शेतावरचं किंवा कुटुंबाच्या धंद्यातलं बिनमोबदला काम धरून' असे शब्द घातले गेले. त्यामुळे १९८१ आणि १९९१ च्या आकड्यांतली वाढ सगळी खरी वाढ मानता येत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीत संकेतांक ९२ म्हणजे फक्त घरकाम, आणि ९३ म्हणजे घरकामाबरोबर सरपण-चारा गोळा करणं, शिवणटिपण वगैरे. दोघीही 'श्रमशक्तीबाहेर' धरल्या जातात. 'काम न करणाऱ्या स्त्रिया' असं लिहिण्याआधी हे दोन संकेतांक बाजूला काढून बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पहिल्या दोन फेऱ्यांत (१९९२–९३ आणि १९९८–९९) फक्त विवाहित किंवा पूर्वी कधी विवाह झालेल्या स्त्रियांना प्रश्न विचारले होते, तिसऱ्या फेरीपासून (२००५–०६) १५ ते ४९ वयाच्या सगळ्या स्त्रियांना. हे न पाहता केलेला आलेख मार्गदर्शकांच्या नजरेतून सुटतो, परीक्षकांच्या नजरेतून सुटत नाही.

१९७० नंतरच्या कोणत्याही भारतीय स्त्री-विषयासाठी १९७४ चा 'समानतेकडे' हा भारतातल्या स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीचा अहवाल आणि असंघटित क्षेत्रातल्या स्त्रियांवरचा १९८८ चा 'श्रमशक्ती' अहवाल मुळातून वाचावेत. दुसऱ्याच्या पुस्तकातली त्यांची अवतरणं उचलू नयेत. एवढी फिरली आहेत की पानांचे क्रमांकही चुकलेले सापडतात.

डेटाबेस आणि प्रबंध

१ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्र सरकारच्या योजनेखाली सरकारी उच्च शिक्षण संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिकं उपलब्ध झाली. तुमच्या विद्यापीठात ती घरून कशी उघडायची (लॉगिन की कॅम्पसचं जाळं) हे ग्रंथालयाच्या ई-संसाधन विभागात पहिल्याच दिवशी विचारून घ्या. जेस्टोर या नियतकालिकांच्या डेटाबेसमध्ये इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली १९६६ पासून आहे; तिचं आधीचं रूप, १९४९ पासूनचं इकॉनॉमिक वीकली, साप्ताहिकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर बघा. या साप्ताहिकाची स्त्री-अभ्यास पुरवणी १९८५ पासूनची. इंडियन जर्नल ऑफ जेंडर स्टडीज १९९४ पासून. जेस्टोरवर ताजी काही वर्षं नसतात, तेवढी प्रकाशकाच्या संकेतस्थळावर बघावी लागतात.

शोधगंगेवर (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) प्रबंध प्रकरणवार पीडीएफमध्ये असतात. सगळा प्रबंध उतरवण्याआधी संदर्भसूचीची फाईल उघडा. पाच मिनिटांत कळतं की लेखकाने मूळ साधनं पाहिली आहेत की दुय्यम पुस्तकांवर भागवलं आहे. मराठीतल्या जुन्या प्रबंधांत शब्दशोध चालत नाही, कारण ते युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेले किंवा स्कॅन केलेले असतात. नक्कल करून चिकटवलं की अक्षरांचा नुसता कचरा येतो. अशा वेळी अनुक्रमणिका डोळ्याने वाचण्याला पर्याय नाही. स्कॅन केलेल्या जुन्या मराठी पुस्तकांतही हीच अडचण, वर जुन्या शुद्धलेखनाची भर: 'काही' च्या जागी 'कांहीं', 'स्त्रियांचे' च्या जागी 'स्त्रियांचें'. अनुस्वारासह आणि अनुस्वाराशिवाय, दोन्ही रूपं टाका.

टिपणं, प्रती आणि शोधाची वही

एक वही (किंवा तक्ता) फक्त शोधासाठी ठेवा: तारीख, कुठे शोधलं, नेमके कोणते शब्द टाकले, काय मिळालं, काय मिळालं नाही. न मिळाल्याची नोंद सगळ्यात उपयोगी. तीन महिन्यांनी तेच शब्द पुन्हा टाकण्यात जाणारा दिवस ती वाचवते, आणि 'या काळातल्या मासिकांत उल्लेख नाही' असं लिहायचं असेल तर तोच तुमचा पुरावा असतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचा लाकडी लगद्याचा कागद आम्लामुळे ठिसूळ होतो. असे खंड झेरॉक्स यंत्रावर दाबू दिले जात नाहीत, आणि ते बरोबरच आहे. परवानगी घेऊन फ्लॅशशिवाय मोबाइलने फोटो घ्या. प्रत्येक लेखाचा पहिला फोटो खंडाच्या मुखपृष्ठाचा किंवा पाठीवरच्या चिठ्ठीचा, मग पानं, पानाचा क्रमांक चौकटीत येईल अशी. घट्ट बांधणीत आतल्या बाजूचे दोन-तीन शब्द गिळले जातात. ते तिथेच, खंड समोर असताना, हाताने उतरवा. फाईलचं नाव त्याच संध्याकाळी बदला: 'स्त्री_१९३४_०५_पृ२१२' असं. 'आयएमजी' ने सुरू होणाऱ्या तीनशे फाईली पुढे कुणालाच ओळखू येत नाहीत.

लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांवर काम करताना एक पथ्य आहे. जुन्या वर्तमानपत्रांनी आणि निकालपत्रांनी पीडितेचं नाव सरळ छापलेलं असतं. आज ओळख उघड करण्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ची बंदी आहे, आणि आधीच्या दंडसंहितेत ती २२८अ खाली होती. ग्रंथालयात ते नाव वाचायला मिळालं म्हणून ते प्रबंधात यावं असं होत नाही. फोटोंच्या फाईलींना आणि परिशिष्टांनाही हेच लागू.

ग्रंथपालाला काय विचारायचं

'स्त्रियांवर काही आहे का?' या प्रश्नाला ३०५.४ चं कपाट दाखवण्यापलीकडे कुणी काही करू शकत नाही. तुमचं एका वाक्यातलं विषयवाक्य, शब्दांचा कागद आणि आतापर्यंत पाहिलेल्या साधनांची यादी पुढे ठेवा, आणि नेमकं विचारा: वर्गीकरण न झालेलं किंवा ओपॅकवर न चढलेलं काही आहे का? दानात आलेले खासगी संग्रह कुठे नोंदले जातात? जुना कार्ड कॅटलॉग अजून आहे का? संगणकीकरण करताना जुन्या मराठी पुस्तकांच्या नोंदी शेवटी घेतल्या जातात किंवा राहूनच जातात, त्यामुळे कोपऱ्यातल्या त्या लाकडी खणांत कधी कधी ओपॅकपेक्षा जास्त मिळतं. त्यातली 'संस्था' आणि 'मंडळ' ही अक्षरं जरूर चाळा. महिला मंडळांचे आणि सेवासदनासारख्या संस्थांचे वार्षिक अहवाल तिथे संस्थेच्या नावाने असतात, विषयाने नाही.

आपल्या ग्रंथालयात नसलेल्या पुस्तकासाठी इनफ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांच्या जाळ्याच्या इंडकॅट या संघसूचीत (अनेक ग्रंथालयांच्या एकत्रित सूचीत) कोणत्या विद्यापीठात प्रत आहे ते बघा आणि डेलनेट या ग्रंथालय-जाळ्यामार्फत आंतरग्रंथालयीन देवघेवीची मागणी करा. मागणीपत्रात पूर्ण संदर्भ, आवृत्ती आणि लेख असेल तर पानं द्या. अर्धवट संदर्भाची मागणी परत येते. दुर्मीळ पुस्तक आणि बांधीव खंड सहसा पाठवत नाहीत, तेव्हा तिथे स्वतः जावं लागतं. जाण्याआधी आपल्या विभागप्रमुखांचं पत्र आणि ओळखपत्राची प्रत घ्या. तिकडच्या ग्रंथालयाला वर्गांक आणि दाखल क्रमांकासह यादी आठवडाभर आधी ईमेल करा आणि फोटोची परवानगी आधीच लेखी मागून ठेवा. राज्य पुराभिलेखागारासारख्या ठिकाणी नोंदणीचे वेगळे नियम असतात. तिथे शोध विभाग, वर्ष आणि खंड यांवरून घ्यावा लागतो, विषयावरून नाही. म्हणून गिरणी कामगार स्त्रियांसाठी तिथे पहिली मागणी सर्वसाधारण किंवा महसूल विभागाच्या फाईलींच्या निर्देशसूचीची करावी, आणि त्या सूचीतही आधी 'कारखाने' हा शब्द बघावा.